साठ चिंचोके

किस्से जमवायला कोणी मुद्दाम जात नाही. चिंच फोडून ठेवली की चिंचोके टोपल्यात आपोआप साठत जातात, त्यातलीच गत. टाकून द्यायला जीव होत नाही आणि ठेवून करायचं काय ते कळत नाही. माझं टोपलं आता भरलं आहे. कमलनगरच्या मुलींच्या हॉस्टेलात मी कैक वर्षं भाकऱ्या थापते, आणि मागची सात वर्षं हायस्कूलच्या मुलींची बेसबॉलची टीमही चालवते. दोन्हीला मनगट लागतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

बेसबॉल ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. मधे मातीचा उंचवटा असतो, त्यावर एक पोरगी उभी राहून चेंडू टाकते. तिला पिचर म्हणायचं. समोर दांडू घेऊन दुसऱ्या टीमची पोरगी, तिच्यामागं तोंडाला जाळी लावून आपली कॅचर. बाकीच्या मैदानभर. पण पिचरचा हात गेला की त्या सगळ्या पाहुण्या. जेवायच्या आणि जायच्या.

यंदा गोष्ट निराळी होती. शाळेत पीटीचे नवे सर आले, बिरादार सर, पदवीवाले. हेडमास्तरांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हणाले, "अक्का, यंदा जिल्ह्याची फायनल जिंकलात तर टीमचा बेंच तुमचा. न्हाई जिंकलात तर सरांचा. मग तुमी आपलं भाकरीचं बघा."

मी म्हटलं, "चालतंय."

बोलून तर बसले. माझ्याकडं पिचर तीनच होत्या, आणि यंदा तिघींचे मिळून दीड हात धड होते.

* * *

बेंचवर मी बसले कशी ते आधी सांगते.

सात वर्षांमागं जुन्या पीटीच्या सरांची बदली झाली. जाताना ते दोन दांडू, उसवलेले हातमोजे आणि नियमाचं एक पुस्तक ठेवून गेले. पुस्तक कानडीत, आमचा जिल्हा कर्नाटकात पडतो. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. मराठी वाचायला शिकले ती साखरेच्या पुड्याच्या कागदावरून, आणि कानडी अक्षरं ओळखली ती बसच्या पाट्यांवरून. बोलायला येतच होती. त्या एका पुस्तकाला मला एक पावसाळा लागला. शब्द अडला की हॉस्टेलच्या पोरींना विचारायची. त्यांना सांगता आला नाही तर म्हणायची, "मग शाळेत जाऊन करायलीस काय?"

हेडमास्तर म्हणाले, टीम बंद करू, शिकवायला माणूस नाही. मी म्हटलं, मी शिकवते.

"अक्का, तुमाला त्यातलं काय कळतंय?"

"तुमाला कळतंय का? सांगा बरं, पिचरचे चार चेंडू वाईट पडले तर काय होतंय?"

हेडमास्तर म्हणाले, "व्हायचंय काय? दोन राहिले म्हणायचं. ओव्हर सहाची असती."

"सर, हे क्रिकेट न्हाई. चार वाईट पडले की समोरची फुकटात पहिल्या बेसवर जाती."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "बरं, नवे सर येईपर्यंत तुमी बघा."

सर यायला सात वर्षं लागली.

* * *

माझ्या साठाच्या नियमाची जिल्हाभर चेष्टा होते, ती मला माहीत आहे. त्याचा उगम मात्र कोणी विचारत नाही.

माझी पहिली पिचर कलावती. असा हात मी परत बघितला नाही. चेंडू टाकायची तेव्हा कॅचरच्या मोज्यातून बंदूक उडाल्यासारखा आवाज यायचा. मला पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण पोरीला थांबवायचं कधी, हे त्या पुस्तकात नव्हतं. एका स्पर्धेला दोन दिवसांत तीन मॅच आल्या. तिन्ही तिनंच टाकल्या. तिसऱ्या मॅचला मला म्हणाली, "अक्का, खांद्यात मुंग्या यायल्यात."

मी म्हटलं, "येऊ दे, दोनच डाव राहिलेत."

ती मॅच आम्ही जिंकलो. कप हेडमास्तरांच्या कपाटात आहे, कधीही बघायला या.

पोरीला मी हाडवैद्याकडं नेलं. म्हातारा खांदा चाचपत म्हणाला, "काय उचललं हिनं?"

"उचललं न्हाई. फेकलं."

"किती येळा?"

मला सांगता येईना. म्हाताऱ्यानं हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "पोत्याचं वजन इचारल्याबिगर हमालबी पाठ देत न्हाई, बाई."

त्यानंतर मला कोणी एवढं बोललेलं नाही. आणि मी ऐकूनही घेतलं नसतं.

कलावतीचं लग्न भालकीकडं झालं. संसार चांगला आहे. हात खांद्याच्या वर जात नाही. तिची सासू एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "सून गुणाची हाय, तक्रार न्हाई. पण रोज सकाळी तिची वेणी घालायला मला बसावं लागतंय."

मी घरी आले आणि साठ चिंचोके मोजून चंचीत भरले. पानाची चंची, तिला तसाही उपयोग नव्हता, दात गेले. साठच का? तर कलावती पहिल्यांदा खांदा धरून थांबली होती ती कितव्या चेंडूला, ते भाकरी करता करता आठवत बसले. साठाच्या अलीकडं-पलीकडं भरलं.

तेव्हापासून रीत एकच. कॅचरच्या मागं जाळीपलीकडं माझा बेंच. मांडीवर चंची, पायाशी तेलाचा रिकामा डबा. पिचरनं एक चेंडू टाकला की चंचीतला एक चिंचोका डब्यात. टण. दुसरी पिचर आली की चंची परत भरायची. चंची रिकामी की पिचर बाहेर. मॅच कुठंही अडकलेली असो, पोरगी कितीही रडो.

* * *

बिरादार सर वाईट नाहीत, हे आधीच सांगते. त्यांना आजवर कोणी 'न्हाई' म्हटलेलं नव्हतं, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात मोबाईल घेऊन माझ्या चुलीपाशी आले. म्हणाले, "अक्का, साठ फारच कमी झाले. भायेरच्या देशात या वयाच्या पोरी याच्याहून जास्त टाकतात. हे बघा, शास्त्र हाय."

मी म्हटलं, "त्या पोरी मॅचच्या आधी दोन घागरी पाणी भरून येतात का?"

सरांनी मोबाईलवर वर-खाली बोट फिरवलं. बराच वेळ. प्रामाणिक माणूस. शेवटी म्हणाले, "ते इथं दिलेलं न्हाई."

"मग शास्त्राला म्हणावं, सकाळी हापशावर येऊन जा."

* * *

एकदा सरावाला रेणुका टाकत होती. चंची रिकामी झाली, मी तिला खाली बोलावलं. ती बडबडतच आली, "आज लवकर झाले, अक्का." मी म्हटलं, सगळ्याच म्हणतात.

पलीकडं प्रज्ञा बसली होती. प्रज्ञा माझी तिसरी पिचर, जनवाड्याची. वडील शेतात कामाला जातात, पोरगी अभ्यासात पुढं. बोलणं एवढं कमी की पहिला महिनाभर मला वाटलं, हिला मराठी येत नाही. पण मोजते सगळं. मी किती भाकऱ्या वाढल्या, पंख्याला किती पाती, हेडमास्तर प्रार्थनेला किती वेळा खोकले. मान वर न करता म्हणाली, "बेचाळीसच वाजले."

"काय वाजले?"

"डबा. बेचाळीस येळा."

मी म्हटलं, मला शिकवू नको. आणि डबा ओतून मोजले. बेचाळीस.

अठरा चिंचोके गेले कुठं? सगळ्यांना रांगेत उभं केलं. चिंचोक्याला पाय नसतात. शेवटी आमची कॅचर मंगल, अंगानं दणकट आणि भुकेला त्याहून दणकट, पुढं आली. आदल्या दिवशी माझ्याच चुलीच्या आरात भाजून खाल्ले होते.

"माझ्या चंचीतले कामून घेतलीस? टोपलं भरलेलं दिसलं न्हाई?"

"चंचीतले निवडलेले असतात, अक्का. किडका एकबी निघत न्हाई."

"आता त्या अठरांचं काय करू?"

मंगलनं जरा विचार केला. म्हणाली, "माझ्या पोटात हायत म्हंजी रेणुकाच्या खांद्यावर न्हाईत. तिचा फायदाच झाला की."

दुसऱ्या दिवशी सगळे चिंचोके मी कडुनिंबाच्या पाण्यात उकळून काढले. मंगलनं त्यातलाही एक चाखून बघितला, हे तिच्या तोंडावरून कळलं.

* * *

पिचर निवडायची माझी रीत सरांना पटत नाही. ते उंची बघतात. मी विचारते, घरी ज्वारी किती, आणि पाखरं राखायला कोण जातं?

रेणुका त्यातलीच. कमलनगरपासून दोन कोसावर त्यांचं रान. सहा वर्षांची असल्यापासून मचाणावर उभी राहून गोफण फिरवायची. गोफणीतला खडा जिथं म्हणाल तिथं पडायचा. अशा पोरीला पिचर करायला शिकवावं लागत नाही, हातातली गोफण काढून घ्यावी लागते.

फायनलच्या आधीच्या आठवड्यात तिचे वडील हॉस्टेलच्या दारात आले. "अक्का, चार दिवस पोरीला न्यायलोय. ज्वारी दाण्यात आलीय. पाखरं तुटून पडायलीत."

मी म्हटलं, "न्या. पण हिनं गोफण हातात धरायची न्हाई. ऐकलंव का, रेणुका? डबा वाजव, आरडाओरडा कर. खडा टाकायचा न्हाई."

वडील म्हणाले, "न्हाई न्हाई, म्या हाय की."

पाचव्या दिवशी पोरगी परत आली. कोपर वांग्याएवढं.

"काय सांगितलं होतं तुला?"

"डबा वाजवला, अक्का. दोन दिवस वाजवला."

"मग?"

"मग पाखरांना सवय झाली. डब्यावरच येऊन बसायली."

"मग गोफण घेतलीस. किती खडे टाकलीस?"

रेणुकानं कोपर दुसऱ्या हातात धरलं. मग म्हणाली, "पाखरं काय साठ मोजून येत न्हाईत, अक्का."

वडील मागं उभे होते, हातात हुरड्याची पिशवी. म्हणाले, "तुमाला आणलाय. रागावू नगा."

हुरडा गोड होता. त्याचाच मला जास्त राग आला.

* * *

दुसरी पिचर शबाना, हुमनाबादची. तिचे अब्बा लॉरीवर ड्रायव्हर. तिचा चेंडू वेगाचा, आणि तोंड चेंडूपेक्षा वेगाचं. सेमीफायनलच्या दोन दिवस आधी तिच्या मावशीच्या पोरीचं लग्न होतं. जाऊ नको म्हणायची माझी सोय नव्हती, मावशीनं मलाही बोलावलं होतं.

परत आली ती दोन्ही हात मनगटापर्यंत मेंदीनं भरून.

सेमीफायनलला पहिला चेंडू टाकायच्या आधीच अंपायरनं हात वर केला. म्हणाला, पिचरच्या हाताला काहीही लावलेलं चालत नाही, चेंडूला लागतं, नियम आहे.

बिरादार सर उठले, पुस्तक काढलं आणि पानं उलटायला लागले. मला पान उलटायची गरज नव्हती. नियम होता, मला पाठ होता. मी पाण्याची कळशी आणि कपड्याचा साबण घेऊन मैदानात गेले.

"साहेब, तुमचं बरोबर हाय. हाताला लावलेलं काढलं पायजे. हे पाणी, हा साबण. काढा."

अंपायरनं साबणाकडं बघितलं. शबानाच्या हाताकडं बघितलं. तिला विचारलं, "कब लगाई?"

"परसूं, साब."

"फिर तो पंधरा दिन नइं जाती," अंपायर म्हणाला. मग म्हणाला, "मेरे घर में बी येच है. चलो, खेलो."

शबानानं त्या दिवशी मॅच काढली. उरलेली प्रज्ञानं. आम्ही फायनलला गेलो.

* * *

फायनल बीदरला होती. सकाळी एका जीपमधे चौदा पोरी, मी, सर, दांडू आणि भाकरीचं गाठोडं. रेणुकाचं कोपर फडक्यात बांधलेलं, तिला मी टोप्या सांभाळायला घेतलं होतं.

मैदानावर पोचल्यावर गाठोडं सोडलं. सगळ्यांनी हात धुतले. शबाना डाव्या हातातला मोजा काढेना. उजव्या हातानंच भाकरी खायला बसली.

"मोजा काढ."

"राहू दे, अक्का. सवय करायलेय."

"भाकरीची?"

मंगल हसायला लागली. शबाना हसली नाही, तेव्हाच मी ओळखलं. ही पोरगी हसायची संधी सोडत नाही. मी मोजा ओढून काढला. मधलं बोट जांभळासारखं. जीपच्या दारात सापडलं होतं, कमलनगरातून निघतानाच. पूर्ण वाटभर पोरगी गप्प बसली होती आणि मी मनात म्हणत होते, आज शबाना शहाण्यासारखी बसलीय.

"फेकायचा हात ह्यो न्हाईच की," ती म्हणाली.

"आणि मंगल चेंडू परत टाकती तो कशात झेलशील, वटीत?"

तरी तिनं दोन डाव टाकले. परत आलेला चेंडू झेलायचीच नाही. पायाशी पडू द्यायची आणि मग उचलायची, जसं काही तिची तीच पद्धत आहे. दुसरा डाव संपला तेव्हा चंचीत एकवीस शिल्लक होते. मी तिला बसवलं. ती म्हणाली, "अजून हायत की." मी म्हटलं, "ते माझे हायत."

आता प्रज्ञा. पाच डावांची मॅच, तीन डाव राहिलेले, साठ चिंचोके.

प्रज्ञाचा चेंडू वेगाचा नाही. पण डब्याच्या तालावर टाकते. टण झालं की श्वास घेते, मग पाय उचलते, मग चेंडू. तिसरा डाव गेला, चौथा गेला. आम्ही एका रननं पुढं होतो. शेवटचा डाव समोरच्यांचा. दोन पोरी आउट झाल्या, दोन बेसवर पोचल्या. आणखी एक आउट मिळाली की मॅच आमची, आणि बेंच माझा.

दांडू घेऊन त्यांची सगळ्यात दणकट पोरगी आली. मी चंचीत हात घातला. तीन चिंचोके लागले बोटांना.

बिरादार सर शेजारी बसले होते. वाकून हळूच म्हणाले, "अक्का, तीनच राहिले न्हवं? मंगलला हात गरम करायला सांगू का?"

मी म्हटलं, "बसा गप."

ते बसले.

मी तिन्ही चिंचोके मुठीत घेतले.

प्रज्ञानं चेंडू टाकला. स्ट्राइक. मी डब्याकडं बघितलं नाही. दुसरा टाकला, वाईट पडला. तिसरा, तोही वाईट. पोरगी प्रत्येक चेंडूनंतर जरा थांबत होती. मला वाटलं, दमली असेल. चौथा, स्ट्राइक. लोक ओरडायला लागले. पाचवा दांडूला कडेनं लागून बाहेर गेला, तो कशातच धरत नाहीत. सहावा वाईट. तीन वाईट, दोन स्ट्राइक. आता एक चेंडू नीट पडला की तिसरी स्ट्राइक, पोरगी आउट, संपलं.

प्रज्ञानं हात वर केला आणि अंपायरला टाइम मागितला. उंचवट्यावरून उतरली. दांडूवाल्या पोरीच्या बाजूनं, मंगलच्या बाजूनं, सरळ माझ्या जाळीपाशी आली.

"डबा कामून वाजंना, अक्का?"

मी म्हटलं, "टाक जा. एकच राहिलाय."

"मूठ उघड."

माझ्यासंगं या आवाजात कोणी बोलत नाही. मी मूठ उघडली. घामानं चिंचोके तळहाताला चिकटले होते.

प्रज्ञा त्यांच्याकडं बघत म्हणाली, "त्रेसष्ट झालेत. साठावरच येणार होते. म्हटलं, अक्का थांबवंल."

मग मोजा काढला, चेंडू मंगलच्या हातात दिला आणि बेंचवर माझ्या शेजारी येऊन बसली. उजवा खांदा डाव्या हातानं धरून.

मंगलनं तोंडाची जाळी उतरवली. तिच्या जागी दुसरी पोरगी बसली. मंगलचा पहिलाच चेंडू त्या दणकट पोरीनं मैदानापलीकडच्या बाभळीत घातला. बेसवरच्या दोघी पळत आल्या, त्यांचे रन आमच्या पुढं गेले. मॅच संपली.

संध्याकाळी जीपनं आम्ही कमलनगरला परत आलो. मुठीची गोष्ट सरांनी बघितली होती. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंगलला आधी तयार करायला पायजे होतं. माझं चुकलं."

सोमवारी संध्याकाळी मी चुलीपाशी होते. मैदानावरून शिट्टी ऐकू येत होती. प्रज्ञा दारात आली.

"खांदा कसाय?"

तिनं हात वर केला. डोक्याच्या वर. तसाच धरून ठेवला, मी बघेपर्यंत. मग म्हणाली, "सर म्हणायलेत, चंची द्या. आन डबा."

मी पीठाचे हात धुतले. फळीवरची चंची काढली, डबा काढला, तिच्या हातात दिला. प्रज्ञानं चंची तळहातावर जरा वर-खाली केली. माझ्याकडं बघितलं. मग फळीकडं बघितलं, जिथं मिठाचा डबा असतो.

गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मैदानावरून टण टण ऐकू येतं. सर नियमाला पक्के निघाले. चंची रिकामी झाली की पोरीला बाहेर काढतात, कितीही रडो. पोरींना सांगतात, साठ म्हणजे साठ, अक्कांचा नियम आहे.

चंचीत सत्तावन्न आहेत, तीन माझ्या मिठाच्या डब्यात. सरांनी अजून मोजलेले नाहीत, आणि प्रज्ञा सांगत नाही.